वकील साहेब, त्याला आणत काहून नाहीत?

आमच्या आजोबांच्या, म्हंजे आप्पांच्या तोंडात देश दोनच होते, एक मोगलाई आणि दुसरा इंग्रजी. मधे पैनगंगा. अलीकडं आमचं गाव, हदगाव तालुका, निजामाचा मुलूख, आणि पलीकडं उमरखेड. कागदावर वऱ्हाडसुद्धा निजामाचंच होतं, पण कारभार सगळा इंग्रजांचा, म्हणून गावची माणसं सरळ इंग्रजीच म्हणायची. आप्पा सांगायचे की उन्हाळ्यात नदीला उतार पडला की बैल चोरीला जायचे, चोर रातोरात जोडी पाण्यातून पलीकडं घालायचे, सकाळी अमीन, म्हंजे निजामाचा पोलीस अधिकारी, घोड्यावर बसून काठापर्यंत यायचा, पलीकडच्या वाळूत बैलांच्या खुरांचे ओले ठसे दिसायचे आणि तरी अमीन पाण्यात पाय घालायचा नाही. त्याचा हुकूम पाण्यापर्यंतच, एवढंच म्हणायचे आप्पा.

प्रत्यार्पण म्हंजे दुसऱ्या देशात गेलेला आरोपी त्या देशाकडून रीतसर मागून आणणं, आणि त्याचा सगळा पाया या वाक्यात आहे. पोलिसांचा अधिकार, कोर्टाचं वॉरंट, सगळं आपल्या हद्दीपुरतं चालतं, हद्दीपलीकडं गेलेला माणूस मागून घ्यावा लागतो, आणि मागायचं म्हटलं की समोरचा विचारणारच ना, काहून पाहिजे, काय केलं त्यानं, नेऊन त्याचं काय करणार. एकमेकांचे आरोपी सोपवायचा तह निजाम आणि इंग्रजांमधेही १८६७ मधेच झालेला होता. आणि हद्द किती बारीक असते बघा, निजामाच्या मुलखातून रेल्वे जायची आणि त्या रुळांच्या पट्ट्यावरचा अधिकार निजामानं इंग्रजांना दिलेला होता, तर शंकरपल्ली स्टेशनवर सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर एका माणसाला पकडलं, प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हंजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १८९७ मधे निकाल लागला की ही अटकच बेकायदा, कारण तिथला अधिकार रेल्वेच्या कामापुरता दिलेला आहे, सिमल्यातल्या गुन्ह्यासाठी तो वापरता येत नाही.

आता हे सगळं मी काहून लिहायला घेतलं ते सांगतो. माझ्याकडं नांदेडला एक काका येतेत, वसमतकडचे, हळदीचे शेतकरी. मुलगी इंग्लंडात नोकरीला असलेल्या मुलाला दिली, जावयानं लग्नातलं सोनं ठेवून घेतलं, तिच्या खोट्या सह्या करून तिच्या नावावर कर्ज उचललं आणि एका सुट्टीत तिला माहेरी सोडून एकटाच परत गेला. गुन्हा दाखल झाला, चार्जशीट झालं, वॉरंट निघालं. काका दर तारखेला येतेत आणि तोच प्रश्न, "वकील साहेब, कोर्ट म्हणतंय आरोपी फरार, फरार कुठला हो, रोज फेसबुकवर फोटो टाकतो, घराचा नंबर माहीत हाय, मग आणत काहून नाहीत त्याला?" आणि मग पुढं मल्ल्या, नीरव मोदी, सगळ्यांची नावं येतात. मी तुकड्या तुकड्यानं सांगत गेलो, आता एकदाच सगळं लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारे काका एकटेच नाहीत.

पहिली गोष्ट म्हंजे परदेशातलं कोर्ट हा माणूस गुन्हेगार आहे का हे ठरवतच नाही. ते काम आपल्या कोर्टाचं. तिकडचा जज फक्त एवढं बघतो की याला त्या देशाच्या कोर्टासमोर उभं करायला पाठवणं कायद्यात बसतं का. मल्ल्यावर लंडनमधे निकाल लागला तेव्हा आपल्याकडं कितीतरी लोक म्हणाले गुन्हा सिद्ध झाला, तसं काहीच झालेलं नव्हतं, कोर्ट एवढंच म्हणालं होतं की उत्तर द्यायला लागावं इतकं प्रकरण दिसतंय.

आणि हे प्रकरण तिकडच्या कोर्टात पोचायचा रस्ता लांबलचक असतो. आपला तपास अधिकारी डायरेक्ट तिकडच्या पोलिसांना पत्र लिहून माणूस मागू शकत नाही, मागणी एका सरकारनं दुसऱ्या सरकारला करायची असते. इथल्या कोर्टाचं वॉरंट, चार्जशीट, जबाब, कायद्याची कलमं, आरोपीची ओळख, असा गठ्ठा तयार करून राज्याच्या गृह विभागाकडून तो परराष्ट्र मंत्रालयाकडं जातो आणि तिथून वकिलातीमार्फत त्या देशाला. रेड कॉर्नर नोटीस म्हणून जे टीव्हीवर ऐकता ते इंटरपोलच्या, म्हंजे देशोदेशीच्या पोलिसांच्या संघटनेच्या, सदस्य देशांना पाठवलेलं कळवणं असतं, की या माणसाला शोधा आणि जमलं तर प्रत्यार्पणाची मागणी येईपर्यंत धरून ठेवा. ते काही जगभर चालणारं वॉरंट नाही, त्या नोटिशीवर अटक करायची की नाही हे तो तो देश आपल्या कायद्याप्रमाणं ठरवतो.

उलट बाजूनं बघितलं तर समजायला सोपं जातं, म्हंजे दुसरा देश आपल्याकडं माणूस मागतो तेव्हा आपण काय करतो. आपला प्रत्यार्पण कायदा १९६२ चा. मागणी आली की केंद्र सरकार आधी स्वतः बघतं, आणि योग्य वाटलं तर एका मॅजिस्ट्रेटला चौकशी करायला सांगतं, या चौकश्या बहुतेक दिल्लीच्या पटियाला हाऊस कोर्टात चालतात. मॅजिस्ट्रेट दोन्ही बाजूंचे पुरावे घेतो, प्रथमदर्शनी प्रकरण दिसलं नाही तर माणसाला सोडून देतो, दिसलं तर त्याला तुरुंगात ठेवून सरकारला अहवाल पाठवतो. त्यानंतरही शेवटचा निर्णय सरकारचाच. मागणी वाईट हेतूनं केलीय, राजकीय कारणानं केलीय, किंवा पाठवणं अन्यायाचं होईल असं वाटलं तर सरकार चौकशीच थांबवू शकतं. दार उघडता येतं का हे कोर्ट सांगणार आणि माणसाला दाराबाहेर काढायचं काम सरकारचं, असं मी काकांना सांगितलं. इंग्लंडात पण साधारण असंच, आधी मॅजिस्ट्रेट कोर्ट, मग गृहमंत्री, मग हायकोर्टात अपील.

आता कोर्टातले प्रश्न. सगळ्यात आधी ओळख, मागितलेला माणूस हाच का. ऐकायला साधं आहे पण यावर पुढं येतो मी.

मग गुन्हा दोन्हीकडं गुन्हा आहे का. म्हंजे त्यानं जे केलं ते मागणाऱ्या देशातही गुन्हा पाहिजे आणि जिथं तो लपलाय त्या देशातही. बहुतेक तहांत, आणि आपल्या कायद्यातही, निदान एक वर्षाची शिक्षा असलेला गुन्हा लागतो, किरकोळ भांडणासाठी कोणी विमानानं माणूस पाठवत नाही. काकांच्या प्रकरणात खरी मेख इथं होती. आपल्याकडं १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा आहे, हुंडा घेणं गुन्हा आहे, पण इंग्लंडात हुंडा घेणं या नावाचा गुन्हाच नाही. मग काय, सुटला का तो? तसं नसतं. कोर्ट कलमाचं नाव बघत नाही, केलेलं कृत्य बघतं. बायकोच्या खोट्या सह्या करून कर्ज उचलणं, विश्वासानं ठेवायला दिलेलं सोनं गिळणं, पैशासाठी धमकी देणं, हे सगळं इंग्लंडातही गुन्हाच आहे. पण त्यासाठी आपल्या कागदात ते कृत्य लिहिलेलं पाहिजे ना. आपल्या फिर्यादीत काय असतं, "सदर आरोपीने फिर्यादीस माहेरहून पैसे आणण्याकरिता शारीरिक व मानसिक छळ करून जाचहाट केला". बस. कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत, कोणत्या कागदावर सही केली, काही नाही. ते वाक्य भाषांतर करून लंडनच्या जजसमोर ठेवलं तर त्यानं त्यातून काय घ्यायचं? मी ती फिर्याद इंग्रजीत करायला बसलो तेव्हा खरंच हात थांबला माझा. दोन साक्षीदारांचे जबाब तर शब्दाला शब्द सारखे, स्वल्पविरामासकट, एकाच्या जबाबात दुसऱ्याचं नाव तसंच राहिलेलं. इथं आपण याला सरावलोय, उलटतपासात बघू म्हणतो, पण तिकडं त्या मुलीची सगळी भिस्त या कागदावरच आहे, कारण साक्षीदार तिथं जाणार नाहीत, साक्षांकित केलेला कागदच साक्षीदार म्हणून उभा राहणार.

दोन्हीकडं गुन्हा पाहिजे हा नियम किती कडक असू शकतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण चिलीच्या पिनोशेचं. हुकूमशहा होता तो, ऑक्टोबर १९९८ मधे लंडनला उपचारासाठी आलेला असताना स्पेनच्या एका जजच्या मागणीवरून त्याला पकडलं. छळाचे ढीगभर आरोप. पण हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हंजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं विचारलं, दुसऱ्या देशात केलेला छळ ब्रिटनच्या कायद्यात गुन्हा कधीपासून झाला? तर सप्टेंबर १९८८ पासून. मग त्याच्या आधीचे, म्हंजे बहुतेक सगळे आरोप गळाले, आणि पुढं तब्येतीच्या कारणावर मार्च २००० मधे तो घरी गेला. ज्यांची माणसं त्याच्या राजवटीत गायब झाली त्यांना काय वाटलं असेल तेव्हा.

पुढचा प्रश्न पुराव्याचा. इथं देशादेशांत फरक आहे. ब्रिटनला अमेरिका माणूस मागते तेव्हा पूर्ण प्रथमदर्शनी पुरावा द्यावा लागत नाही, भारताला द्यावा लागतो. म्हणून मल्ल्याच्या प्रकरणात आयडीबीआय बँकेचं कर्ज किंगफिशरला कसं मिळालं, काय सांगून मिळवलं, याची कागदं महिनोन्‌महिने चालली. तो मार्च २०१६ मधे देश सोडून गेला, एप्रिल २०१७ मधे लंडनला अटक आणि लगेच जामीन, वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाचा निकाल १० डिसेंबर २०१८ ला, गृहमंत्र्यांची सही फेब्रुवारी २०१९ ला, हायकोर्टानं अपील फेटाळलं एप्रिल २०२० मधे. पुरावा पुरत नसेल तर काय होतं तेही आपण बघितलंय, गुलशन कुमार यांची १९९७ मधे हत्या झाली, त्यात संगीतकार नदीम यांना भारतानं ब्रिटनकडं मागितलं होतं, लंडनच्या हायकोर्टानं २००० मधे साफ नकार दिला. तेव्हा लोक म्हणाले इंग्रज आपल्या आरोपींना पाठीशी घालतात. मी तो निकाल तसा बघत नाही. आपण नेलेल्या कागदात त्यांना दम दिसला नाही एवढंच, आणि इथल्या कोर्टात आमचे अर्धे आरोपी ज्या कारणानं सुटतात तेच कारण आहे ते.

आता तुरुंगाचं. इथं मला जरा थांबायचंय, कारण लोकांना सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

१९८९ मधे युरोपच्या मानवाधिकार कोर्टात सोअरिंग नावाच्या एका जर्मन तरुणाचं प्रकरण आलं. अमेरिकेत व्हर्जिनियात खून केल्याचा आरोप, पकडला इंग्लंडात. कोर्ट म्हणालं, तिथं फाशीची वाट बघत माणसाला वर्षानुवर्षं ज्या अवस्थेत ठेवतात ती अमानुष वागणूक आहे, आणि हे माहीत असताना त्याला तिकडं पाठवलं तर पाठवणाराही त्या वागणुकीला जबाबदार. शेवटी फाशी देणार नाही असं आश्वासन मिळाल्यावर त्याला पाठवलं. तेव्हापासून युरोपातलं प्रत्येक कोर्ट विचारतं, हा माणूस गेला तर कुठं राहील, किती जागेत, संडास आहे का, उजेड आहे का, आजारी पडला तर डॉक्टर आहे का.

२००० सालच्या क्रिकेट मॅच फिक्सिंग प्रकरणातला संजीव चावला आठवतो का? त्याला पाठवायला लंडनच्या कोर्टानं २०१७ मधे नकार दिला आणि कारण होतं तिहार जेल. पुरावा पुरेसा आहे म्हणाले, पण तिहारमधे जशी गर्दी आणि मारहाण आहे तिथं पाठवू शकत नाही. मग भारतानं लेखी आश्वासनं दिली, किती फुटांची खोली, वेगळं ठेवणार, उपचार मिळणार, ती हायकोर्टानं मान्य केली आणि फेब्रुवारी २०२० मधे तो दिल्लीला आला. ब्रिटनशी आपला तह झाला १९९२ मधे, आणि असा वादाचा माणूस तिथून मिळायला इतकी वर्षं लागली. मल्ल्याच्या वेळी तर जजनं मुंबईच्या आर्थर रोड जेलच्या बराक नंबर १२ चा व्हिडिओ मागवला होता, उजेड कुठून येतो ते दाखवा म्हणून. पश्चिम बंगालातल्या पुरुलियात डिसेंबर १९९५ मधे विमानातून शस्त्रं टाकली त्यातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमधे आहे, डॅनिश कोर्टानं २०११ मधे नाही म्हटलं आणि २०२४ मधे पुन्हा नाही म्हटलं, कारण दोन्ही वेळा तेच, भारतात छळ होण्याची भीती.

काका म्हणाले, "म्हंजे चोराला एसी पाहिजे का आता?" त्यांचा राग मला कळतो. पण मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी जेलच्या गेटवर मुलाखतीच्या दिवशी उभे राहिलात का? मी राहिलोय, कामामुळं. एक म्हातारी बाई दर आठवड्याला पहाटेच्या एसटीनं यायची, पोरगं कच्च्या कैदेत, अजून चार्जशीटसुद्धा नव्हतं, सोबत धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी, आत नेऊ देत नव्हते ते तिला दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं. त्या पोरानं मला सांगितलं होतं की रात्री कुशीवर झोपावं लागतं, सगळे एकाच कुशीवर, एकानं कूस बदलली की पूर्ण रांगेला बदलावी लागते. त्याच्यावर अजून काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. त्याच्यासाठी हा प्रश्न कोणी विचारला नाही, मल्ल्यासाठी विचारला म्हणून राग येतो, तर राग विचारण्याचा येऊ नये, त्या पोरासाठी कोणी विचारलं नाही याचा यावा. आणि बराक नंबर १२ एकट्या मोठ्या माणसांसाठी रंगवून ठेवली तर पुढच्या प्रत्येक प्रकरणात तेच आश्वासन द्यावं लागणार, सगळ्याच बराकी नीट केल्या तर द्यावंच लागणार नाही. मला तरी प्रत्यार्पण वेगानं व्हायचा हाच खरा रस्ता दिसतो.

दिलेलं आश्वासन किती लांबपर्यंत पुरतं ते अबू सालेमच्या प्रकरणात बघा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटात २५७ माणसं गेली, त्यातला हा आरोपी २००२ मधे लिस्बनला पकडला. पोर्तुगालशी तेव्हा आपला तहही नव्हता. तिथं फाशी नाही, जन्मभराची कैदही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मधे आपले तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी दिलं की याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मधे तो आला, २०१७ मधे टाडा कोर्टानं, म्हंजे दहशतवादाच्या खटल्यांच्या खास कोर्टानं, जन्मठेप दिली. मग सालेम सुप्रीम कोर्टात गेला की २५ वर्षांचं काय? जुलै २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारनं दिलेला शब्द कोर्टाला शिक्षा देताना बांधत नाही, पण सरकारला बांधतो, २५ वर्षं पूर्ण झाली की त्याच्या सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला द्यायची जबाबदारी सरकारची. बॉम्बस्फोटात माणूस गेलेल्या घरातल्या कोणालाही हे ऐकून बरं वाटणार नाही. पण हा शब्द मोडला असता तर पुढच्या वेळी कोणत्याच देशानं आपल्या लेखी कागदावर विश्वास ठेवला नसता, आणि या सगळ्या व्यवहारात आपल्याकडं दुसरं काही गहाण ठेवायला असतं कुठं?

त्याच प्रकरणात अजून एक नियम गाजला. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा, आणल्यावर जुने पुराणे दुसरे गुन्हे परवानगीशिवाय चिकटवायचे नाहीत. आपल्या कायद्यात हे कलम २१ मधे आहे आणि सुप्रीम कोर्टानं २००१ मधे दयासिंग लाहोरिया प्रकरणात ते पक्कं केलं. सालेमवर जास्तीची कलमं लावली म्हणून पोर्तुगालच्या कोर्टांनी नंतर दिलेलं प्रत्यार्पणच रद्द ठरवलं होतं, तोवर माणूस आपल्या ताब्यात होता ही गोष्ट वेगळी.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हा वाद मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाच्या वेळी झाला. २६/११ मधे १६६ माणसं गेली. राणावर शिकागोत खटला चालला, २०११ मधे ज्युरीनं त्याला दुसऱ्या आरोपांत दोषी धरलं पण मुंबईच्या आरोपातून सोडलं. मग भारतानं मागितल्यावर त्याचे वकील म्हणाले, सुटलाय तो, परत कसा चालवता? अमेरिकेच्या कोर्टांनी कलमं शेजारी शेजारी ठेवून बघितली, की भारताच्या गुन्ह्यात सिद्ध करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, बनावट कागदपत्रांचे आरोप तर तिकडं नव्हतेच, म्हणून तहातला तो अडथळा लागू नाही. २०२३ मधे मॅजिस्ट्रेट, २०२४ मधे अपील, जानेवारी २०२५ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाचा नकार, आणि १० एप्रिल २०२५ ला राणा दिल्लीत उतरला. मग हल्ल्याआधी मुंबईची पाहणी करून गेलेला हेडली काहून आला नाही? तो राणाच्या आधी अमेरिकन सरकारशी समझोता करून बसला होता, २०१० मधे गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात भारताकडं पाठवणार नाही असं लिहून घेतलं.

आता राजकीय गुन्ह्याचा नियम, जो ऐकला की लोकांना वाटतं पळवाट आहे. राजकीय गुन्ह्यासाठी माणूस सोपवायचा नाही, आपल्या कायद्याच्या कलम ३१ मधे हा पहिलाच आहे. लंडनच्या कोर्टानं १८९० मधेच कास्तिओनी नावाच्या माणसाला स्वित्झर्लंडला द्यायला नकार दिला, तिथल्या उठावात त्यानं एका सरकारी माणसाला गोळी घातली होती तरी. आणि आपल्या मराठी माणसाला हे सावरकरांवरून माहीत पाहिजे, ८ जुलै १९१० ला मार्सेलिसला बोटीतून उडी मारली, फ्रान्सच्या जमिनीवर पाय लागले, म्हंजे आता ब्रिटननं रीतसर मागायला पाहिजे होतं, पण फ्रेंच पोलिसानं धरून सरळ परत बोटीवर दिलं. फ्रान्सनं नंतर माणूस परत मागितला, प्रकरण हेगच्या लवादात गेलं आणि फेब्रुवारी १९११ मधे लवाद म्हणाला, चूक झाली खरी पण ब्रिटननं परत द्यायची गरज नाही.

आमच्या जिल्ह्यातलंच सांगतो. जानेवारी १९४८ मधे उमरीची बँक लुटली गेली, नांदेडपासून जवळच आहे उमरी. निजामाच्या पोलिसांच्या दप्तरात तो दरोडा. पण लुटणारे हैदराबाद मुक्तीसाठी लढणारे लोक होते, आणि असे लढणारे ज्या कॅम्पांत राहायचे त्यातला एक पैनगंगेपलीकडं उमरखेडला होता, आमच्या आप्पांच्या इंग्रजीत. आता विचार करा, तेव्हा निजामानं भारताकडं रीतसर मागणी केली असती, दरोड्याचे आरोपी आहेत, द्या, आणि कोर्टानं फक्त कलम बघून दिले असते तर? १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण ज्यांना हार घालतो त्यातली किती माणसं जिवंत राहिली असती? हा नियम अशा माणसांसाठी आहे. बॉम्ब ठेवणारा, विमान पळवणारा उद्या मी राजकीय म्हणाला तर चालत नाही, आपल्या कायद्याच्या परिशिष्टात अशा गुन्ह्यांची यादीच आहे की हे राजकीय धरायचे नाहीत.

बाकी मग वेळेचं. सगळे टप्पे हरल्यावरही माणूस थांबू शकतो. मल्ल्याचे अपिलाचे रस्ते मे २०२० मधे संपले, नीरव मोदीचे डिसेंबर २०२२ मधे, तरी पुढं वर्षानुवर्षं ते इंग्लंडातच राहिले. तिकडं आश्रयाचा अर्ज असो नाहीतर दुसरा काही गुप्त अर्ज, तो निकाली निघेपर्यंत सरकार विमानात बसवत नाही. याला इलाज वकिलाकडं नाही, दोन सरकारांच्या संबंधावर आहे ते.

काकांच्या जावयाचं कुठवर आलं ते सांगतो. फिर्यादीतलं कृत्य नीट मांडायला पुरवणी जबाब झाले, तारखा आल्या, बँकेचे कागद आले, सहीचा हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल लावला. आणि मग गठ्ठा वरून परत आला, त्रुटी काढून. आरोपीची ओळख पटेल असा साक्षांकित फोटो नाही. पहिला प्रश्नच राहिला होता. फेसबुकवरचा फोटो चालेना, तो त्याचाच आहे हे कोणी शपथेवर सांगायचं? मुलीनं घरातले सगळे फोटो एका रात्री चुलीत घातले होते, तिच्या आईनं एक तेवढा कपाटातल्या साडीखाली लपवला होता, तो काका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. बोहल्यावरचा फोटो, मुंडावळ्यांच्या मोत्याच्या माळा दोन्ही बाजूंनी अशा सुटलेल्या की चेहऱ्याचं नाक तेवढं दिसतंय. काका टेबलावर तो फोटो ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलगीच वडिलांना म्हणाली, "दादा, लग्नाची नोंदणी केली होती आपण, व्हिसासाठी, त्या अर्जाला दोघांचे पासपोर्ट फोटो चिकटवले होते." सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन तो अर्ज काढायचाय, ग्रामसेवकाची सही आणि शिक्का त्या फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा पाहिजे.